निवेदनातलं माझं वाक्य

खानापूर आणि देसूर यांच्या मधल्या एका लहानशा स्टेशनावर मी रोज सकाळी गाडीत चढायचो आणि बेळगावला उतरायचो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात मला कारकुनाची नोकरी लागली होती. आमच्या घरातून शेतात न जाता पँट घालून कामाला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे डोकं थोडं वर गेलेलंच होतं. गाडी मीटरगेजची, कोळशाच्या इंजिनाची. लोंढ्याहून सुटायची, बेळगावला येऊन थांबायची, दिवसभर बाजूच्या रुळावर उन्हात तापत उभी राहायची आणि संध्याकाळी आम्हालाच घेऊन परत निघायची. इंजिनापासून तिसरा डबा आम्हा पासवाल्यांचा. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण परका माणूस चढला की दोन स्टेशनांत त्याला ते कळायचं.

त्या डब्याचं वय हा आमचा रोजचा विषय. आमच्यात एक मास्तर होते, बेळगावच्या एका मराठी शाळेत शिकवायचे. त्यांची खिडकीजवळची जागा ठरलेली, आणि डब्यात काय बोलायचं तेही बहुतेक तेच ठरवायचे. दाराशेजारी एक लोखंडी पाटी होती. डबा कधी बांधला ते तिच्यावर कोरलेलं असणार, पण वर रंगाचे इतके हात बसले होते की आकड्यांचे नुसते उंचवटे उरले होते. मास्तर त्यांवरून बोट फिरवायचे आणि दर खेपेला वेगळं साल सांगायचे. कधी ते माझ्या वडिलांच्या जन्माआधीचं असायचं, कधी आजोबांच्या. तिसरा वर्ग रद्द झाला तेव्हा डब्यावरच्या तीन उभ्या रेघांतली एक रेघ रंगानं बुजवली आणि आम्ही सगळे दुसऱ्या वर्गाचे प्रवासी झालो. बाकं तीच, फळ्यांच्या फटी त्याच, छप्पर गळायचं तेही तिथंच. पावसाळ्यात ओल धरली की बुजवलेली रेघ पुन्हा दिसायला लागायची. मग मास्तर म्हणायचे, “बघा, गेलतो तिथनं परत आलो की ओ आपण!” आणि सगळा डबा हसायचा.

डबा घाणही होता. कोळशाची कणी डोळ्यांत, कॉलरीत, जेवणाच्या डब्यातल्या भाकरीवर. दाराच्या कोपऱ्यात निपाणीच्या तंबाखूच्या पिंका. त्यांतल्या निम्म्या मास्तरांच्याच, पण ते कुणी बोलायचं नाही. शेंगांची टरफलं, भाजीच्या पेंढ्यांची माती, कुणाच्या तरी पिशवीतून फुटलेलं अंडं. आणि या सगळ्यावर मात करणारा एक आंबूस वास. सकाळी तो सोसवायचा. दिवसभर बंद डबा तापून संध्याकाळी आम्ही चढायचो तेव्हा तो थेट नाकात बसायचा. माणसं नाकाला रुमाल लावायची आणि रेल्वेला शिव्या घालायची. मीही घालायचो, आणि जरा जास्तच जोरात.

कारण तो वास कशाचा ते मला माहीत होतं. माझा थोरला भाऊ, अण्णा, रोज सकाळी त्याच गाडीनं बेळगावला दूध न्यायचा. घरच्या म्हशींचं आणि शेजारच्या दोन घरांचं मिळून चार कॅन. खरं तर ते गार्डाच्या डब्यात, वेगळा पास काढून न्यायला हवेत. पण तो डबा फलाटाच्या पार बाहेर थांबायचा, गाडी जेमतेम मिनिटभर. मग अण्णा कॅन आमच्याच डब्यात बाकाखाली सरकवायचा. दूध हिंदकळून सांडू नये म्हणून कॅनच्या तोंडाशी भाताच्या पिंजराची, म्हणजे वाळल्या पेंढ्याची, मूठ कोंबायची आमच्याकडं रीत. तरी डबा असा हिसके द्यायचा की थोडं दूध सांडायचंच. ते फळ्यांच्या फटींत उतरायचं. बेळगाव आलं की अण्णा ओलं पिंजर उपसून बाकाखालीच टाकायचा आणि कॅन घेऊन हॉटेलांच्या वाटेला लागायचा. आणखी दोघंतिघं दूधवाले होते, पण सगळ्यांत जास्त कॅन आमचेच. डब्यात मी अण्णापासून चार बाकं लांब बसायचो. तो माझा भाऊ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, मीच ते फारसं दाखवत नव्हतो. त्याच दुधावर मी शिकलो होतो. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

डबा झाडायला एक बाई होती. चाळिशीच्या आतबाहेरची, रोजंदारीवर लागलेली. फौंड्री पाचला सुटायची आणि गाडीला वेळ असायचा, म्हणून मी लवकर येऊन बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या डब्यातच जाऊन बसायचो. ती तेव्हा काम करत असायची. एक खराटा, एक बादली, आणि टोकाला वाकवलेली एक लांब तार. ती तार तिनं स्वतः करून आणली होती. बाकाखाली पोट टेकून आडवी व्हायची आणि फटींत अडकलेलं पिंजर काडीकाडीनं ओढून काढायची. फिनेल कधी मिळायचं, कधी नाही. नसेल तेव्हा नुसत्या पाण्यानं फळ्या घासायची. ऊन उतरतीचं असलं तरी आत भट्टी असायची. मी बाकावर पाय वर घेऊन बसायचो, म्हणजे तिला खालून झाडता यावं. तेवढीच माझी मदत.

एकदा ती तारेला लागलेलं पिंजर हातात घेऊन म्हणाली, “हे कुठनं येतंय ओ दादा रोज? वास सगळा ह्याचाच हाय. फळी कितीबी घासा, आत मुरलाय.”

“कुणाला ठाऊक मावशी,” मी म्हटलं. “वरच्या स्टेशनांचे दूधवाले असतील.”

“असतील की. आपलं काम झाडायचं,” ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.

हळूहळू ती बोलायला लागली. घर बेळगावातच, मुलगी आठवीत. नवरा नाही एवढंच म्हणाली, का नाही ते मी विचारलं नाही. तिची सगळी आशा एकाच गोष्टीवर होती. सलग ठरलेले दिवस काम भरलं की रोजंदारीवाल्यांना कायम करतात, आणि तिचं काम दिवाळीला भरत होतं. “एक खाडा न्हाय केल्याला,” ती अभिमानानं सांगायची. “जयंतीला सुद्धा आधी हितं झाडून गेलतो आणि मग मिरवणुकीत. आमची माणसं म्हणाली, आजच्या दिवशी तरी खराटा ठेव गं. मी म्हटलं, कायम होऊ दे, मग पुढच्या जयंतीला पांढरं लुगडं नेसून सकाळपासनं तुमच्यासंगं.” आमच्या भागातल्या बायका ‘गेलतो’च म्हणतात, पुरुषांसारखं.

हे सगळं मला माहीत होतं. पुढं जे केलं ते हे माहीत असताना केलं.

त्या वर्षी गणपती नुकतेच झाले होते. मास्तरांच्या शाळेत बक्षीस समारंभ होता आणि त्या दिवशी ते ठेवणीतलं पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. बेळगाव स्टेशन आलं, ते उठले, दाराकडं निघाले आणि बाकाजवळ साचलेल्या दुधात पाय घसरून सपशेल बसले. धोतराला दूध, कोळसा आणि त्यांच्याच तंबाखूचा रंग. दोघांनी उचलून उभं केलं. लागलं काही नव्हतं, पण आब गेला होता. “बास झालं!” ते ओरडले. “आता निवेदन!”

सीमाभागात वाढलेल्या माणसाला या शब्दाचं काय वाटतं ते बाहेरच्याला समजायचं नाही. आम्ही जन्मल्यापासून निवेदनं बघत आलो. भाषेचं, शाळेचं, पाटीचं, गाव कुठल्या राज्यात घालायचं त्याचं. गल्लीत कुणी कागद घेऊन आलं की चुलीपुढची बाईसुद्धा हात पुसून सही करायची, वाचायचं कुणी नाही. आपल्या माणसांचा कागद म्हणजे बरोबरच असणार. आणि प्रत्येक गावात निवेदन लिहिणारा एक माणूस असायचा, त्याला मान असायचा. आमच्या डब्यात तो मी होतो. अक्षर वळणदार, मराठी ठसकेबाज, खाली इंग्रजी भाषांतरही मीच करायचो.

त्या संध्याकाळी घरी अण्णा गोठ्यात धारा काढत होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, “लिवणार हाईस न्हवं?”

“व्हय.”

“दुधाचं काय घालू नको रं त्यात. कॅन बंद झालं तर एवढं दूध कुठं ओतू मी?”

मी म्हटलं, नाही घालत.

निवेदनाची एक ठरलेली घडण असते. आधी नमस्कार, मग हाल, मग दोषी, शेवटी आंदोलनाचा इशारा. हाल मी दीड पान लिहिले. डबा किती जुना, छप्पर कसं गळतं, कोळसा, वास, ज्येष्ठ शिक्षकांचं घसरणं. मग दोषीपाशी येऊन अडलो. डबा म्हातारा झाला यात दोष कुणाचा? पिंका आमच्या, टरफलं आमची, दूध तर आमच्या घरचंच. दोषीशिवाय निवेदन मला मीठ न घातलेल्या आमटीसारखं लागायला लागलं. मग मी लिहिलं, “सफाई कामगार या डब्यात पाऊलही टाकत नाही.”

लिहिताना ती बाई माझ्या डोळ्यांसमोर आलीच नाही, सफाई कामगार हा नुसता ऑफिसातला शब्द होता, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. ती आली होती. पोट टेकून बाकाखाली गेलेली, नुसते पाय दिसणारी. मी पेन उचलून थोडा थांबलो, वाक्य पुन्हा वाचलं आणि ते मला आवडलं. छोटं होतं, ठाम होतं. मी तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी डब्यात उभं राहून निवेदन वाचलं. त्या वाक्याला माणसांनी “व्हय, व्हय” करत मान डोलावली. त्यांच्यातल्या कुणीच तिला काम करताना पाहिलं नव्हतं. गाडी फलाटाला लागल्यावर ती माणसं चढायची, आणि तोवर ती पुढच्या डब्यात गेलेली असायची. पाहिलं होतं फक्त मी. चाळीसेक सह्या झाल्या. अण्णानंही कॅनवर कागद ठेवून वाकडीतिकडी सही केली. मास्तरांनी माझी पाठ थोपटली.

निवेदनांचं काही होत नसतं, हा आमचा आयुष्यभराचा अनुभव. त्यामुळे मी निर्धास्त होतो. हे एकच निवेदन असं निघालं की ज्याच्यावर कारवाई झाली.

दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी वरून कुणी साहेब आले. गाडी फलाटाला लागलेली, आम्ही चढायच्या बेतात. साहेबांच्या हातात फाईल, फाईलीत माझ्या अक्षराचा कागद. स्टेशनातल्या माणसानं बाईला बोलावून आणलं. ती खराट्यासकट आली, पदर सारखा करत. साहेबांनी आमच्याकडं वळून विचारलं, “ये बाई डिब्बा साफ करती है या नहीं? किसने देखा है?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. लिहिणारा मी. तीही माझ्याकडं बघायला लागली, आणि तिच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता. हे दादा रोज बसतात, हे सांगतील, असा. निवेदन कुणी लिहिलं हे तिला कुठं माहीत होतं?

‘करते’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर साहेबांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग एवढा वास कशाचा? आणि अण्णा दहा पावलांवर रिकामे कॅन घेऊन उभा होता. मी म्हटलं, “जो लिखा है, सबने मिलके लिखा है साहब.”

साहेबांनी फाईलीत काहीतरी टिपलं. तिला हिंदी समजत नव्हतं असं नाही. तिनं खराटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि पुढच्या डब्याकडं गेली, कारण तो झाडायचा राहिला होता. गाडीत बसल्यावर अण्णा म्हणाला, “बरं बोललास.”

आठवड्याभरात तिला कामावरून कमी केलं. दिवाळीला तीन आठवडे होते. तिच्या जागी कुणीतरी दोन दिवस आला, मग तोही दिसेना. पिंजर बाकांखाली साठत गेलं, कुजलं, त्यात किडे झाले. माझं वाक्य तेव्हा कुठं खरं झालं. पासवाले म्हणाले, बघा, निवेदन देऊनसुद्धा यांना काही फरक पडत नाही.

मग एके संध्याकाळी ती फलाटावर माझी वाट बघत उभी असलेली दिसली. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी, खराटा नाही. खराट्याशिवाय ती मला आधी ओळखूच आली नाही. निवेदन मी लिहिलं हे तिला कळलं असणार, असं मला वाटलं.

“दादा, तुमचं अक्षर लई चांगलं हाय म्हणं,” ती म्हणाली. “मास्तरांनी सांगितलं. माझा एक अर्ज लिवून द्या की. परत घ्या म्हणून.”

मास्तरांनी सरळ मनानं सांगितलं होतं. लिहिणारा लागतो, तर आपला लिहिणारा आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात. मी फलाटावरच्या बाकावर बसलो. तिनं पिशवीतून कोरे कागद आणि कार्बन काढला. सगळं आणलं होतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. इतके दिवस काम केलं, खाडा नाही, मुलगी शिकते, घरात दुसरं कमावणारं नाही. तिचं साधं बोलणं मी अर्जाच्या मराठीत घालत होतो आणि हात सफाईनं चालत होता, याचीच मला घाण वाटत होती.

“आणि शेवटाला असं लिवा,” ती म्हणाली. “ज्यानं कुणी माझ्यावर लिवलंय, त्यानं खोटं लिवलंय. मी डब्यात रोज जात होतो, आणि हे बघितल्यालं माणूस हाय.”

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिला ठाऊक आहे की नाही, ते मला समजलं नाही. आजही समजलेलं नाही.

ते वाक्य मी लिहिलं नाही. अक्षर तेच होतं. ऑफिसात दोन्ही कागद शेजारी ठेवले असते तर शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की हा एकच माणूस आहे. खरं म्हणजे तिच्या बाजूचा यापेक्षा मोठा पुरावा दुसरा नव्हता. पण माझं काय झालं असतं, डब्यात लोक काय म्हणाले असते, मास्तर काय म्हणाले असते, एवढंच मला सुचत होतं. तिच्या वाक्याच्या जागी मी लिहिलं, “तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीनं विचार व्हावा, ही नम्र विनंती.”

“वाचून दावा,” ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपाशी आलो आणि कागदावर नसलेलं तिचं वाक्य, जसंच्या तसं, मोठ्यानं वाचलं. बोटही ओळीवरून फिरवलं.

ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “आता बरं वाटलं.” मग मुलीनं शिकवलेली सही तिनं सावकाश केली, एकेक अक्षर जुळवत. वरचा कागद ऑफिसात द्यायला घेतला, कार्बनची प्रत घडी करून पिशवीत ठेवली. मला चहा पाजायचा तिचा फार आग्रह होता. मी प्यायलो. नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

चारपाच दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी लांबूनच कार्बनची प्रत हातात दिसत होती.

“दादा, लेकीनं वाचलं हे,” ती म्हणाली. “शेवटाचं न्हाय ह्यात. दोनदा वाचाय लावलं मी तिला.”

मुलगी आठवीत आहे हे मला तिनं स्वतः सांगितलं होतं. मराठी शाळेत जाते, वाचणार, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही कुणास ठाऊक. तिची सही मुलीनं घोटून घेतली हेही मी ऐकलेलं होतं. पण तिच्याकडं बघताना मी फक्त खराटा बघत होतो. त्या घरात वाचणारं कुणी असेल, हे मी धरलंच नव्हतं. हे मला माझ्या खोटेपणाइतकंच लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

“कार्बन नीट उठला नसेल मावशी,” मी म्हटलं.

“व्हय, तसंच असंल,” ती म्हणाली. मग प्रत माझ्यापुढं धरली. “मग ह्याच्यावर लिवा की आता. मी परत नेऊन देतो.”

तिनं पेनही आणलं होतं, मुलीचं असावं. मी गाडीकडं पाहिलं. “गाडी सुटायलीय मावशी. उद्या लिहू.”

गाडीला अजून बराच वेळ होता. त्या गाडीच्या वेळा तिला माझ्यापेक्षा चांगल्या माहीत होत्या. इंजिनसुद्धा अजून लागलं नव्हतं. तिनं एकदा रिकाम्या रुळाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि कागदाची घडी घातली. “बरं. उद्या येतो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बसनं घरी गेलो. तिसऱ्या दिवशीही. खिशात रेल्वेचा पास असताना आठवडाभर मी बसनं ये-जा केली. अण्णाला सांगितलं की ऑफिसातून सुटायला उशीर होतो. सोमवारी पुन्हा गाडीत चढलो तेव्हा मास्तर म्हणाले, “कुठं होता ओ? ती बाई रोज येऊन बसायची की तुमच्यासाठी. पाच दिवस आली. मी म्हटलं, आजारी असतील. तर म्हणाली, ‘बरं वाटू दे त्यांना, घाई न्हाय.’ शेवटच्या दिवशी गाडी सुटेपर्यंत उभी होती.”

त्यानंतर ती आली नाही. तिच्या अर्जाचं काय झालं ते मी विचारलं नाही. ती परत लागली नाही एवढं डब्याकडं बघून कळत होतं. दिवाळी झाली.

त्या दिवाळीतच मी एक कागद लिहिला. निवेदन मी लिहिलं, त्यातलं ते वाक्य खोटं आहे, बाईला रोज काम करताना मी स्वतः पाहिलं आहे. खाली माझी सही, पत्ता. ती भेटली की तिच्या हातात द्यायचा असं ठरवून तो शर्टाच्या खिशात ठेवला. रोज संध्याकाळी फलाटावर तिला शोधायचो, निदान तसं स्वतःला दाखवायचो. ती दिसायची नाही आणि मला आतून सुटल्यासारखं व्हायचं. तिची गल्ली कुठली हे स्टेशनात कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं की जावं लागलं असतं. घड्यांवर कागद फाटायला आला की मी तो नवा लिहून काढायचो. असं दोनदा केलं.

ऐंशीनंतर आमच्या गावात दूध गोळा करायला टेम्पो यायला लागला आणि अण्णानं गाडी सोडली. रिकामे कॅन गोठ्यात उलटे पडले. आता लपवायला काही नव्हतं. पकडलं जाईल असं कुणी उरलं नव्हतं, अण्णा नाही, कॅन नाहीत. इतकी वर्षं मी म्हणत होतो की भावासाठी गप्प बसलो. टेम्पो सुरू झाला त्या आठवड्यात मला स्वच्छ दिसलं की मी त्याच्यासाठी कधीच गप्प नव्हतो.

आणि तो कागद द्यायला तिची गरजही नव्हती. तो माझा कबुलीचा कागद होता, खाली माझी सही होती. स्टेशनचं ऑफिस फलाटाच्या टोकाला, माझ्या रोजच्या वाटेवर. दार दिवसभर उघडं असायचं. आत टेबलामागं बसलेला माणूस मला तोंडओळखीनं नमस्कार करायचा. मीही खिशावर हात ठेवून त्याला नमस्कार करायचो, आणि जाऊन गाडीत बसायचो.